पाणी अजून रागात आहे

हूड रिव्हर गावच्या बाजारात काजिहारा या जपानी कुटुंबाचं चहाचं दुकान होतं. गल्ल्यावर हिसाए आणि किटलीपाशी तिचा नवरा मिन, ही वाटणी एकेचाळीस वर्षांत बदलली नाही. चहा मिन करायचा, बोलायची हिसाए. ती स्वतः मात्र कॉफी प्यायची.

खोऱ्यातल्या बागांचे पेअर, म्हणजे नासपती, वाळवून त्यात संत्र्याची साल, दालचिनी, सुंठ आणि लवंग घालून मिन एक मिश्रण करायचा. ते एका डब्यात, जपानी तऱ्हेची हिरवी पत्ती दुसऱ्यात. आधी मिश्रणावर उकळतं पाणी ओतायचं. ते गाळून पाच कपांत, कपांतून परत भांड्यात, पुन्हा कपांत. गिऱ्हाईक ताटकळत उभं.

"अरे, ओत की आता पत्तीवर," हिसाए म्हणायची.

"थांब गं. पाणी अजून रागात आहे. जरा फिरवून आणतो."

"तोवर गिऱ्हाईक फिरून घरी जाईल."

दुकान हसायचं. मग हिसाए त्याची नक्कल करायची. मान तिरकी, ओठ पुढे, रिकाम्या भांड्यातून रिकाम्या कपांत नुसती हवा ओतायची, ती पण तीनदा. मिनही हसायचा आणि आपलं ओतत राहायचा.

फेब्रुवारीत मिन गेला.

बौद्ध रीतीनं मृत्यूनंतर पाळतात त्या एकोणपन्नासाव्या दिवशी घरातल्या बुद्धाच्या देव्हाऱ्यात त्याच्याच हातच्या मिश्रणाचा चहा ठेवायचा, असं हिसाएनं ठरवलं. डब्याच्या तळाशी दोन वेळचं उरलं होतं. प्रमाण त्यानं कुठं लिहिलं नव्हतं, तिनंही कधी विचारलं नव्हतं.

त्या सकाळी तिनं मसाल्याचं उकळतं पाणी थेट पत्तीवर ओतलं आणि पहिला कप मोठ्या नणंदेपुढे ठेवला. सेत्सुकोनं घोट घेतला आणि तोंड असं केलं, जणू कुणी दात उपटला.

"हिसाए, हा चहा आहे की काढा?"

"तुमच्या भावाचंच मिश्रण आहे, वन्सं."

"मिश्रण त्याचं असेल. हा कडूपणा तुझा."

हिसाएनं चाखलं. जीभ कोरडी पडली. तिनं उरलेलं सगळं भांड्यात झाडलं, उकळतं पाणी घातलं, पाच कप मांडले. पुढे काय ते आठवेना. मग मान आपोआप तिरकी झाली. ओठ पुढे आले. हात नकलेतले होते, पाणी तेवढं खरं. पहिल्या फेरीला कपानं बोटं भाजली. तिसऱ्या फेरीनंतर तोच कप तिला मुठीत धरता आला.

ती तशीच धरून उभी राहिली.

"आता कशाला थांबलीस?" सेत्सुको म्हणाली.

"पाणी रागात होतं, वन्सं. तो रोज सांगायचा. मला वाटायचं, गंमत करतोय."

पाणी पत्तीवर गेलं. मिनिटभरानं आला तो चहा पोपटी होता. एक कप तिनं देव्हाऱ्यात ठेवला, दुसरा सेत्सुकोपुढे. आधी पेअर लागला, मग घशाशी लवंग. सेत्सुकोनं कप दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले.

"हे मिश्रण अजून आहे?"

"नाही. संपलं."

देव्हाऱ्यातला चहा संध्याकाळी ओतून द्यायचा असतो. सेत्सुको गेल्यावर हिसाएनं तो कप खाली घेतला, मोरीपर्यंत नेला आणि तिथंच उभ्यानं पिऊन टाकला, गार.