पट्ट्यांच्या मासोळीचं औषध

ऐंशीनंतरची गोष्ट. साकोलीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. आपल्या धानाच्या बांधीत सापडते त्याच पट्ट्यापट्ट्यांच्या मासोळीवर परदेशात मेंदू कसा घडतो ते पाहतात, असं एका मासिकात वाचलं आणि माझ्या अंगात शास्त्रज्ञ संचारला. मासोळ्या आणायला तलावात जाळं टाकणारा एक ढिवर गाठला. लोणच्याच्या बरणीत त्या अंडी घालायच्या, निम्मी स्वतःच खाऊन टाकायच्या. उरलेल्यांवर माझं संशोधन. म्हणजे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि ‘अरे वा’ म्हणायचं.

एकदा ढिवरालाही दाखवलं. काचेसारखं कालचं अंडं. आत डोळे, धडधडणारं काळीज, डोळ्यांमागे मेंदूचे फुगवटे. तो बराच वेळ वाकून राहिला.

“सर, माह्या पोरीले मिरगी येते, दवाखान्याच्या गोळ्या चालू हायेत. काहून येते, ते दिसन याच्यात?”

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण वर्गात माझं कोणी ऐकत नसे आणि हा माणूस ऐकत होता.

“दिसन ना भाऊ! मिरगीचं औषध याच मासोळीतून निघन, पाहशील!”

महिन्याभरानं तो रिकाम्या हातानं आला. पोरगी झटक्यात चुलीवर पडली होती, हात भाजला होता.

“गोळ्या देत होतास ना?”

“गोळ्या कायले? तुम्हीच तं सांगतलं. दम्याले नाही का देत, तशी रोज एक मासोळी जित्ती गिळवून राहिलो तिले.”

दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मी ती चहाच्या टपरीवर रंगवून सांगितली असती.

दोघांना घेऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर त्याच्यावर खेकसले, “गोळ्या बंद करायची अक्कल कोणी दिली?”

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. “माहीच चुकी झाली, साहेब.”

आणि वर्गात पाऊण तास न थांबता बोलणारा मी भिंतीवरचा तक्ता वाचत उभा.

परतताना स्टँडवर मात्र सांगून टाकलं. “भाऊ, मी फेकलं होतं. मासोळीत औषध नाही. गोळ्या सोडू नकोस.”

“असं कसं सर? तुम्ही तं मले डोळ्यानं दाखवलं. गोळ्या देईन, पण मासोळी बी देईन.”

“दे बाबा. पण शिजवून दे.”

त्यानं मला शिवी द्यावी, असं फार वाटत होतं. एसटी आली. पट्टी बांधलेल्या पोरीला उठवून त्यानं मला खिडकीची जागा दिली.

आणि मी बसलो.