घोटाभर पाण्याचा पूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही हसाल — माझ्यासारखा बोलघेवडा माणूस, आणि त्याच्या पोटात काही राहिलं? राहिलं. लग्नाच्या पंगतीत, मोटारीची वाट पाहताना, जिथं चार माणसं जमली तिथं मी नाल्याच्या पुराची गोष्ट रंगवत आलो. वाहून जाणारे सागाचे ओंडके, फांदीला विळखा घातलेला साप, आणि काठावर हात जोडून उभा असलेला मी — पलीकडे आई आजारी, मधे पाणी. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

पूर आला नव्हता.

थांबा — एवढ्यात पुढचं विचारू नका. मला तिथवर पोचू द्या.

मॅट्रिक झालो तेव्हा चांद्याच्या कचेरीत चिकटायचं ठरलं होतं. ती जागा कुणाच्या तरी भाच्याला गेली आणि माझ्या वाट्याला आला अहेरीच्या पुढचा लाकडाचा डेपो, एका मोठ्या नाल्यापलीकडे. आई म्हणाली, "लेकराले जंगलात टाकलं." मी गेलो तोही रडतच. घरी निरोप धाडायचो तेही रडके — डास, ताप, बोलायला माणूस नाही. आई येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर चिवड्याचे डबे पाठवायची.

आणि खरं काय होतं? पहिला पावसाळा सरला तेव्हा मी सुखात होतो. भलत्याच सुखात.

त्या भागात दिवाळीला दंडार होते. गाणं, नाच, सोंगं — सगळं पुरुषांचं, बायकाही पुरुषच होतात. ओंडके रचणारा रैनू त्यात ढोलकी वाजवायचा. एकदा मी गंमत म्हणून डोक्यावर पंचा ओढून चालून दाखवलं, तर तो म्हणाला, "बाबू, तुमी बाबू काऊन झाले? तुमी तं सून हाव." झालं. रोज दुपारी काम उरकलं की तालीम. गावच्या म्हाताऱ्या मला घागर कशी उचलायची, मान कुठं वळवायची ते शिकवायच्या आणि मी चुकलो की पोट धरून हसायच्या. घरी असतो तर वडिलांनी तंगडी मोडली असती. इथं मात्र — काय सांगू तुम्हाला — मी पहिल्यांदा माझ्या अंगात मावत होतो.

हे मी घरी कधीच कळवलं नाही. लाज वाटली? की चिवडा बंद होईल म्हणून?

दिवाळी तोंडावर आली. रैनू अहेरीच्या बाजारातून परतला तो पळतच. "तुमचे वामनभाऊ अहेरीले येऊन थांबले हायत. माय लय बिमार हाय, तुमचं नाव घेऊन राह्यली. सकाळच्या मोटरनं चला म्हन्ते."

मी विचारलं, "नाल्याला पाणी किती?"

"घोटाभर."

"भाऊला सांग, नाला चढलाय. बाबूला येता येत नाही."

रैनू हसला. त्याला वाटलं, मी सोंग करतोय. "कोनी मानन का?"

मग मी त्याला नाल्यावर नेलं. त्या घोटाभर पाण्यात बसवलं. माझ्या हातानं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, छातीपर्यंत चिखल फासला, धोतराचा काठ फाडला. एंट्रीच्या आधी पाहतात तसं मागं सरून पाहिलं. "जरा धापा टाक," म्हणालो. त्यानं टाकल्या. आम्ही दोघंही हसलो. मी हसलो, हे सांगायचं राहू नये.

वामनभाऊनं त्याला अंगातला सदरा काढून दिला, चहा पाजला. म्हणाला, "माह्या भावाले जपा रे." सकाळी तो एकटाच परत गेला.

दंडार आटोपून मी घरी पोचलो तेव्हा आईची राखही सावडून झाली होती. वहिनी म्हणाली, आई सारखी विचारायची, नाला उतरला का? आणि भाऊ माझ्यावर चिडला की म्हणायची, "त्याले कोनी बोलू नका. माहं लेकरू तिथी दुखात हाय."

माझ्या दुःखाची काळजी करत ती गेली, आणि ते दुःख कुठं नव्हतंच. आजही एकटा असलो की मनातल्या मनात तिच्यासमोर उभा राहतो — आई, मी सुखात होतो गं — एवढंच म्हणायला. ऐकून ती रागावली असती की हसली असती? घागर घेऊन चालून दाखव, असंही म्हणाली असती कदाचित. मला माहीत नाही. विचारायला मी गेलोच नाही.

ती गेली दिवाळीच्या आदल्या दुपारी. त्या दुपारी मी लुगड्याच्या निऱ्या घालायला शिकत होतो. छान जमल्या होत्या.