टीव्हीतली कोळीण

सुगंधा परळच्या चाळीत वाढली. वडील गिरणीत, घरात सगळे मालवणी बोलायचे. शाळेत एकदा ती "माका येता" म्हणाली आणि सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या. त्यानंतर तिनं जीभ अशी काही वळवली की पुढं रेडिओवर निवेदनाचं काम मागायला गेली, तेव्हा तिथल्या माणसानं विचारलं, "तुम्ही पुण्याच्या का?" तिला त्याचं फार बरं वाटलं होतं.

लग्नानंतर ती अंधेरीत सात बंगल्यापाशी राहायला आली. चौऱ्याऐंशी साली तिला जवळच्याच एका स्टुडिओत काम मिळालं. खेड्यापाड्यातल्या शाळांसाठी तिथं बाहुल्यांची हिंदी मालिका तयार व्हायची आणि मग तीच गुजराती, तेलुगू, ओडिया अशी भाषाभाषांत जायची. मराठीचं काम सुगंधाकडे होतं. ती नुसतं भाषांतर करायची नाही. एका भागात हिंदीत आंबेवाला होता, मुलांना सारखे आंबे वाटून देणारा. सुगंधानं त्याची कोळीण केली, बाहुलीही नवी शिवून घेतली. मांदेली मासळीचे वाटे लावता लावता ती भागाकार शिकवणार होती.

आवाजासाठी तिला सोनूबाई सुचली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, साठीला टेकलेली, दारावर मासळी घेऊन येणारी.

"मावशी, टीव्हीत बोलशील?"

"मी? नि टीवीन?" सोनूबाईनं पाटी खाली ठेवली. "माजा आवाज ऐकून पोरा पलतील गो!"

पण ती आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. वाचता येत नव्हतं, म्हणून सुगंधा एकेक वाक्य सांगायची आणि ती ते आपल्या बोलीत म्हणायची. मध्येच बाहुलीला दटावायची, "नीट लाव गो वाटा, कमी पडला तं गिराईक भांडेल!" काचेपलीकडचे लोक हातातलं काम टाकून हसत होते. एवढं जिवंत काम त्या स्टुडिओत कधी झालं नव्हतं.

आठवड्याभरानं मालिकेचे प्रमुख मार्तंडराव यांनी ते ऐकलं.

"गोड आहे," ते म्हणाले. "पण सुगंधाबाई, हे चंद्रपूरच्या मुलाला कळेल? धुळ्याच्या? आपण शाळेला शिकवतोय. सगळ्यांना समजेल असं हवं. तुम्हीच म्हणा ना, तुमची भाषा स्वच्छ आहे."

सुगंधाच्या ओठाशी बरंच काही आलं. मुलं चित्र बघून समजून घेतात, असं सांगावंसं वाटलं. पण समोर बसलेल्या साहेबापुढं ती पुन्हा त्या वर्गातली पोर झाली. "बरं," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या स्वच्छ आवाजात कोळीण बोलून आली. त्याच टेपवर, सोनूबाईचा आवाज पुसून.

सोनूबाईला सांगायचं होतं. रोज दारात यायची, रोज विचारायची, "कवा लागतंय आपला?" सुगंधा तारीख सांगायची आणि पुढचं उद्यावर ढकलायची.

भाग लागायचा त्या सकाळी सोनूबाईनं धंदा बंद ठेवला आणि सुगंधालाच घरी बोलावलं. निदान आधी कानात सांगू, म्हणून ती गेली. पण खोलीत शिरायला जागा नव्हती. सुना, नातवंडं, शेजारणी, सगळ्या टीव्हीपुढं. सोनूबाईनं तिला हाताला धरून पुढं बसवलं. कोळीण पडद्यावर आली आणि सुगंधाच्या आवाजात बोलू लागली.

नातीनं मान वळवली. "आये, ही तं तू नाय."

सोनूबाईनं एकदा सुगंधाकडे पाहिलं. मग नातीला म्हणाली, "मीच हाय ती. टीवीन गेलं का आवाज बदलतं. गप बस, बग."

सुगंधानं भाग शेवटपर्यंत पाहिला. चहा पिऊन ती घरी आली.

सोनूबाई दारावर येत राहिली, मासळीचं बोलून निघून जायची. टीव्हीचं नाव काढायची नाही. पुढच्या वर्षी न राहवून सुगंधा म्हणाली, "मावशी, पुन्हा येशील? या वेळी तुझाच आवाज ठेवीन."

"नको बाय," ती शांतपणे म्हणाली. "घरच्यांना एकदा खोटं सांगितला, पुन्ना नाय जमाचा."

मालिका गाजली. गावोगावच्या मास्तरांनी पत्रांतून कोळणीचं कौतुक कळवलं. सुगंधानं ती पत्रं कुणाला दाखवली नाहीत.

अठ्ठ्याऐंशीत मार्तंडराव निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी चहा पिताना ते सहज म्हणाले, "त्या कोळणीचा पहिला आवाज अजून आठवतो हो. तुम्ही जरा जोर धरला असतात तर ठेवला असता मी. तुम्ही काहीच बोलला नाहीत, मला वाटलं तुम्हालाही पटलंय."

सोनूबाईला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.