आपट्याजवळचा वळसा

अंबाजोगाईच्या दवाखान्यात मामांनी शेवटचं जे विचारलं, ते मलाच विचारलं होतं. मामा म्हणजे माझे सासरे. कॉटभोवती थोरले दीर, चुलत सासरे, गावाकडची दोन माणसं उभी होती आणि मी पायथ्याशी पदर घेऊन उभी होते. मामांनी डोळे उघडले आणि हळू आवाजात म्हणाले, "नवरदेव आला का दगडावर?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणाचं तरी लग्न आठवत असेल, असं चुलत सासरे म्हणाले. मला ठाऊक होतं ते काय विचारतायत. त्याच दिवशी सकाळी मी त्याला बघून आले होते. पण एवढ्या माणसांपुढं तोंडातून शब्द फुटला नाही. मी नुसती मान हलवली... ती त्यांना दिसली का नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी मेंढरं घेऊन डोंगरावर असताना फोन आला.

नवरदेव हे मामांनी एका पाखराला ठेवलेलं नाव. नांदूरघाटाच्या अलीकडं आमचं गाव आणि गावामागं डोंगर. त्याच्या दगडी उतारावर हे पाखरू राहतं. चिमणीपेक्षा थोडं मोठं. नर काळाभोर, पंख विटकरी, आणि डोक्यावर उभा तुरा, फेट्याला असतो तसा. मादी मातकट रंगाची. तिलाही बारका तुरा असतो, पण दहा पावलांवर बसली तरी ती मातीतून वेगळी दिसत नाही. माझ्या मुलीनं एकदा मोबाइलवर शोधून सांगितलं, की पुस्तकात याला युवराज म्हणतात. मामा हसले. "कशाचा युवराज? राजाचं पोरगं कवा असं उन्हात बसून घर राखतंय व्हय? नवरदेवच हाय त्यो, नवा नवा हाय तवर राखतोय."

माझे मालक ट्रकवर असतात, महिना महिना घरी नसतात. सासूबाई वारल्यावर मामांच्या मदतीला मीच मेंढरांमागं जाऊ लागले. सासऱ्यांसमोर बोलायची आमच्यात रीत नाही, आणि मला तर तशीही भीड फार. मी वीस पावलं मागं चालायची. मामांना हे कळत असावं. मला काही सांगायचं असलं, तरी ते मेंढरांकडं तोंड करून बोलत, म्हणजे मला उत्तर द्यायची अडचण पडू नये. हिवाळ्यात ही पाखरं डोंगर उतरून काढलेल्या ज्वारीच्या रानात थव्यानं दाणे टिपतात, उन्हाळ्यात जोडीजोडीनं परत वर येतात, हे मी असंच ऐकलं. कुसळी गवताचं बी ते चोचीत फिरवतं, टरफल बाजूला पडतं आणि आतलं तेवढं गिळतं. पिलांना मात्र ते नाकतोडे, अळ्या आणून घालतं. मला याचं नवल वाटलं होतं. मी काही विचारलं नव्हतं, पण मामा एका मेंढीला म्हणाले, "आपण बी भाकर खातो, पर लेकराला आदी दूधच पाजितो की."

या पाखराचं घरटं झाडावर नसतं. दगडाच्या आडोशाला, गवताच्या बुंध्यात, जमिनीवरच ते वाटी करतं आणि आत बारीक मुळ्या, केस अंथरतं. पाऊसकाळात आमची मेंढरं गावाकडंच असतात, आणि नेमकी तेव्हाच ही पाखरं अंड्यावर असतात. एका वर्षी मला असं घरटं सापडलं. आत तीन अंडी होती, फिकट, त्यावर तांबूस ठिपके. मेंढरांच्या पायाखाली जाईल या भीतीनं मी मामांच्या पानाच्या चंचीतला चुना घेतला आणि शेजारच्या दगडावर ठळक खूण केली. मामांना कळवायचं होतं, पण बोलायचा धीर नव्हता. वाटलं, खूण बघून त्यांना समजेल. रोज जाता-येता मी वाकून बघायची. चौथ्या दिवशी वाटी रिकामी होती. जवळच्या आपट्यावर कावळा बसला होता आणि ती मातकट मादी दगडादगडावर उडत होती... मी तिथंच बसून रडले.

मामा रागावले नाहीत. दगडावरचा चुना त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला. त्या दिवशी ते मेंढरांकडं नाही, माझ्याकडं बघून बोलले. "पोरी, तू रोज वाकून बघितलंस. कावळा तुला बघत व्हता. खूण डोक्यात ठिवायची, जाग्यावर न्हाई."

तेव्हापासून पाऊसकाळात तो उतार आम्ही सोडून दिला. आपटा आला की मामा काठी आडवी धरत, जिभेनं टकटक करत आणि कळप उजवीकडच्या खडकाळ वाटेनं वळवत. फेरा मोठा पडायचा. गवतही तिकडं कमीच. पण मामा कधी चुकले नाहीत, ताप अंगात असताना सुद्धा.

तेरावं झालं आणि थोरल्या दिरांनी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मेंढरं आपल्याकडं घेतली. मी मागं असायचीच. दादा माणूस वाईट नाही, पण घाईचा. पहिल्या दिवशी मेंढरं खालच्या माळावरच राहिली. रात्री जेवताना ते म्हणाले, "आपट्याम्होरं एवढं गवत हाय, अन् म्हातारं उगंच लांबून फेरा कावून मारायचं? उद्या तिथंच घालू." मी भाकरी थापत होते. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं. दवाखान्यात गप्प राहिले तसंच इथंही झालं. उतारावर खूण नव्हती. ती मामांच्या डोक्यात होती आणि माझ्या. मी गप्प राहिले तर उद्या ती कुठंच राहणार नव्हती.

सकाळी निघालो. कळपाच्या पुढं हरणी असते, मामांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली शेळी, गळ्यात घंटी. चालता चालता मी मनात वाक्य जुळवत होते आणि मोडत होते. आपटा आला. दादांनी हाळी दिली, काठी सरळ उताराकडं केली. हरणी थांबली... आणि उजवीकडं वळली. दादांनी ढेकूळ फेकलं. तिनं मान वळवून एकदा बघितलं आणि चालू लागली. मागं सगळी मेंढरं.

"आता ही कावून वळली?" दादा म्हणाले. तिथं आम्ही दोघंच होतो. मी मेंढरांकडं तोंड केलं आणि बोलले. "म्होरं घरटं हाय. मामा पाऊसकाळात तिकडून न्हेत नव्हते."

"कुठंय?" म्हणत ते उताराकडं निघाले.

"बघाया जाऊ नका, दादा. कावळा बघतोय."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दादा थबकले. आपट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग काठी खांद्यावर टाकून हरणीच्या मागं चालू लागले.

आता श्रावण लागलाय. हरणी आपट्यापाशी रोज वळते, दादा तिच्या मागं चालतात. नवरदेव दगडावर असतो. परवापासून त्याच्या चोचीत नाकतोडा दिसतोय, म्हणजे पिलं बाहेर आली. किती आहेत ते मला माहीत नाही. मी वाकून बघितलेलं नाही.