बकुळीच्या गळ्यापर्यंत सिमेंट

भाईंदरवाल्यांनो, आज सकाळी मी सोसायटीत भांडले. कंपाउंडमधली बकुळ सुकत चाललीय. सेक्रेटरीभाई म्हणाले, "भाभी, ये तो मर गया. कल कटवा देंगे."

मी छिन्नी-हातोडी घेऊन खाली गेले. गेल्या वर्षी सेक्रेटरीभाईंनीच खोडापर्यंत सिमेंट ओतलं होतं. तेच फोडायला बसले.

"अरे, क्या करती हो? पानी तो रोज डालते हैं!"

"वो पानी गटर पीता है, झाड नहीं. तुम्हारे गले तक सिमेंट भरूं क्या?"

मग म्हणाले, "ठीक है, बारिश तक देखेंगे."

खोडाभोवती हातभर माती मोकळी केली, हळूच, मुळं दुखवायची नाहीत. वॉचमन रोज जाळतो तो पाला वर पसरला. बादलीभर पाणी सोडलं. मातीतून बुडबुडे आले, बारीक आवाज करत.

मी बसूनच राहिले. वाटलं, नळ आला की आपण बायका हाका मारतो ना, तशी खाली अंधारात मुळं एकमेकींना सांगतायत, पाणी आलं गं. घरी भात करपला, तरी उठवेना.

बकुळ जगेल का, मला माहीत नाही. तुम्ही झाडाला घालता ते पाणी मुळापर्यंत जातं का? आधी खाली जाऊन बघा, मग इथे लिहा.