वसतिगृहाची तांब्याची पट्टी

कुनिहिराबाईंचा राग अख्ख्या होइमा शहराला माहीत आहे. आभाळातली वीज जमिनीत उतरवणारा इमारतीवरचा वीजरोधक तपासायचा म्हटलं की लोक मान वर करून टोक चमकतंय का बघतात. बाई आधी जमीन बघतात. नऊ वर्षं मी त्यांचा तपासणीचा मीटर उचलतोय, पण त्या उगाच चिडल्या असं मला एकदाही वाटलेलं नाही.

त्या दिवशी मुलींच्या शाळेत गेलो. हेडमास्तर ब्याकुतागा फाटकातच उभे होते.

"या, अमूटी, या!"

आमच्याकडे माणसाला ठरलेल्या लाडनावाने हाक मारतात; बाईंचं अमूटी, हेडमास्तरांचं अराली. नुसतं नाव घेतलं तर तो अपमान होतो. बाईही रीतीने म्हणाल्या, "बरं आहे ना, अराली?"

आधी हेडमास्तरांचं घर तपासलं. छपरापासून जमिनीपर्यंत नवीकोरी तांब्याची पट्टी, अर्थिंग सहा ओहम, म्हणजे उत्तम. मग वसतिगृह. आत ऐंशी मुली, वर पत्रा आणि त्यावर ऐटीत उभा रॉड. मी दोन खुंट्या ठोकून मीटर लावला, तर काटा पार टोकाला जाऊन चिकटला. बाईंनी कुदळ मागवली. वीतभर खणलं आणि पट्टीच संपली. खाली मातीत काही नव्हतंच. बाईंनी नखाने पट्टीवरचा रंग खरवडला. लोखंडी पत्र्याला तांबडा रंग फासला होता.

हेडमास्तर हसत म्हणाले, "चालायचंच, अमूटी. वर रॉड आहे ना? रविवारी पालक यायचेत, कागदावर तेवढी सही करून टाका. बकऱ्याचा रस्सा झालाय, नाचणीच्या घट्ट उकडीचा कालोही गरम आहे."

"आभाळातून पाहुण्याला बोलावलंत आणि जायचं दार लिंपून टाकलंत," बाई म्हणाल्या. "तो जाणार कुठून? पोरींच्या खाटांमधून!"

त्या तरातरा आत गेल्या. एका खाटेवर गादी नव्हती.

"ही कुणाची गं?"

"कबासोमीची," एक मुलगी म्हणाली. "हेडमास्तरांची लेक. पावसाळा लागल्यापासून ती घरीच झोपते."

मला तर त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली. स्वतःची पोर उचलून नेली होती, वसतिगृहाचं तांबंही स्वतःच्या घराला लावलं होतं, आणि वर सही मागत होता!

"ब्याकुतागा!" बाई कडाडल्या.

अंगणात स्वयंपाकिणीचा डाव हवेतच राहिला. हेडमास्तरांना असं नुसत्या नावाने हाकारलेलं शाळेत कुणी ऐकलं नव्हतं.

"तुला माहीत होतं. सगळं माहीत होतं तुला!"

बाईंनी कागदावर 'नापास' लिहिलं आणि मुलींकडे वळल्या. "गाद्या उचला गं. पट्टी परत बसेपर्यंत हेडमास्तरांच्या घरी झोपायचं."

सरोवराच्या बाजूने आभाळ काळं होत आलं होतं. डोक्यावर गाद्या घेऊन मुलींची रांग निघाली, ती थेट त्यांच्या ओसरीत शिरली. हेडमास्तर रडवेले झाले.

"अहो अमूटी, मग मी कुठे झोपू?"

बाईंनी मीटरची पिशवी माझ्या हातात दिली.

"वसतिगृहात, ब्याकुतागा. सगळ्या खाटा रिकाम्या आहेत."