सुधीर आणि माझा मेलेला स्ट्रेन

सुधीर काल गेला. मला रडू आलं नाही.

तोंडदेखलं कशाला लिहू? सकाळपासून फेसबुकवर सगळे "किती गोड माणूस" लिहितायत. होताच गोड. माझं वाटोळंही त्यानेच केलं.

नव्वदच्या दशकात आम्ही हैदराबादच्या एका लॅबमध्ये पीएचडी करत होतो. विषय, काळ्या आजाराचा परजीवी. एका पेशीचा जीव, पण त्याच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए जगावेगळा. हजारो छोट्या कड्या, मोजक्याच मोठ्या, सगळ्या एकमेकींत अडकलेल्या.

सुधीर मलकपेठचा, तीन पिढ्यांचा हैदराबादी. म्हणायचा, "लाड बाजारातल्या सगळ्या बांगड्या एकमेकींत अडकवल्या तर कसं दिसेल? हौ, तस्संच!"

मोठ्या कड्यांतला जनुकांचा मजकूर अर्धवट असतो. तो दुरुस्त करायच्या सूचना छोट्या कड्यांत. आम्ही अक्षरशः वेडे झालो होतो त्यापायी.

मग मला या परजीवीचा एक स्ट्रेन, म्हणजे वेगळा वाण, सापडला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचं जाळं विरळ, छोट्या कड्या कितीतरी कमी.

तरी पठ्ठे जिवंत!

माझी सगळी पीएचडी त्या स्ट्रेनवर उभी होती.

परजीवी जगवायचे तर दर तीन-चार दिवसांनी ताज्या मीडियात, म्हणजे त्यांच्या खाण्याच्या द्रवात, घालावे लागतात. गावाला जाणाऱ्याचे फ्लास्क मागे राहिलेल्याने सांभाळायचे, ही आमच्या लॅबची रीत.

बाबांचं ऑपरेशन निघालं. मी नांदेडला निघाले. सुधीर नामपल्ली स्टेशनवर सोडायला आला.

"टेन्शन नक्को घेऊ गं. तुझी पोरं मी उपाशी ठेवीन का?"

परत आले तर एकूणएक फ्लास्क मेलेले. फ्रीझ केलेलेही गेले, कारण लिक्विड नायट्रोजनचा डबा कोरडा पडला होता. तो भरायची पाळीही त्याचीच.

कुठे होता हा?

मद्रासला, व्हिसासाठी! त्या दिवसांत जो तो कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला पळत होता. हाही गुपचूप क्लास करत होता. मला एका शब्दाने बोलला नव्हता.

जायचं तर जा ना बाबा. पण आमच्या गाईड सरांना सांगितलं काय, तर "तिनेच जाताना मीडिया चुकीचा बनवून ठेवला."

मी सरांना फ्रिज उघडून दाखवला. माझ्या मीडियाच्या बाटल्यांची सीलं तशीच होती. एकही उघडलेली नव्हती.

सर म्हणाले, "जाऊ दे ना. पोराचं मार्गी लागतंय, कशाला खोडा घालतेस?"

तो स्ट्रेन पुन्हा मिळाला नाही. नुसत्या फोटोंवर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या विषयावर कशीबशी पीएचडी उरकली. सुधीर डॅलसला. दरवर्षी दिवाळीचा मेसेज, स्मायलीसकट. डोक्यात तिडीक जायची.

आज सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. रडत होती बिचारी.

"ताई, तुमच्या हातून ते फ्लास्क मेले ना, ह्यांचंही रिसर्च बुडालं त्यात. पण तुमच्याबद्दल कधी वाईट शब्द नाही काढला. म्हणायचे, मी तिला केव्हाच माफ केलंय."

सगळं जिभेवर आलं होतं माझ्या.

"हो वहिनी," म्हटलं. "मोठ्या मनाचा होता."

वहिनी तेलुगू मिडियमच्या. मराठी बोलतात, वाचता येत नाही. म्हणून इथे लिहायची हिंमत केली.

सुधीर, तुला हात जोडते. श्रद्धांजली.

भावपूर्ण नाही म्हणवत रे.